नाव कमी झालेली माणसं

“ब्याण्णव टक्के,” डॉ. सयाजी मुळीक म्हणाले आणि त्यांनी पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. “शंभर पेशंटांतल्या ब्याण्णव जणांचा रक्तदाब ताब्यात. तेही खेड्यात, मॅडम. तुमच्या पुण्यात तरी आहे का एवढा?”

“पुण्यातला मोजलाय कुणी,” मी म्हणाले.

ते मोकळेपणानं हसले. मोठा देखणा, दिलदार माणूस. भिंतीवर त्यांच्या आयुर्वृद्धी प्रतिष्ठानचा नकाशा होता, चाळीस गावांवर चाळीस हिरव्या टिकल्या. टेबलावर तीन वर्षांचे अहवाल, स्पायरल बांधलेले. बाहेर जीप उभी. विट्यात जानेवारीची कोरडी थंडी होती आणि कचेरीतल्या झाडून सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. तपासणीला कुणी येणार असलं की घालतात तसे.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होते. रक्तदाब, मधुमेह असे जन्मभर चिकटून राहणारे आजार होऊ नयेत, झाले तर माणूस त्यांनी मरू नये, यासाठी गावोगाव काम करणाऱ्या सहा संस्था निवडायच्या, तीन वर्षं त्यांचं काम जवळून पाहायचं आणि त्यांची पद्धत पुढे राज्यभर शिकवायची, असा तो अभ्यास होता. अर्ज तेवीस आले होते. निवडीची सगळी कागदपत्रं माझ्याकडे होती. अर्जातले आकडे जागेवर जाऊन ताडून बघायचे, हेही माझ्याकडे. आयुर्वृद्धी यादीत पहिली होती आणि पहिलीच राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला फक्त शिक्का मारून परतायचं होतं.

गावांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात घालून आणल्या. त्यातून मी तीन काढल्या. डॉक्टरांनी वाचून दाखवल्या, लिहून घेतल्या.

“आणि खडकेवाडी,” मी म्हणाले.

“ती नाही निघाली चिठ्ठीत.”

“नाही. पण वाटेवर आहे.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “बघा की. आम्हांला काय, सगळी गावं सारखीच.”

खडकेवाडी माझं माहेर. हे मी त्यांना सांगितलं नाही. माने हे माझं सासरचं आडनाव, आणि सतराव्या वर्षी कॉलेजला म्हणून बाहेर पडलेल्या मुलीला तालुक्याच्या ठिकाणी कोण ओळखणार? माझी आई, मालन आनंदा कदम, त्याआधी तीन महिने गेली होती. शेळ्यांच्या गोठ्यात पडलेली सापडली, दोन दिवस मिरजेच्या दवाखान्यात होती, बोलली नाही. चार वर्षं ती आयुर्वृद्धीच्या गोळ्या घ्यायची. दर महिन्याला गोळ्या मिळाल्या की कार्डावर सही करायची. सही ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शिकली होती, साक्षरता वर्गात, कंदिलाशेजारी पाय दुमडून बसून. तिच्या हातचं लिहिलेलं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. मला ते कार्ड बघायचं होतं, आणि जमलं तर त्याची झेरॉक्स हवी होती. एवढ्यासाठी मी चिठ्ठीत नसलेलं गाव मागून घेतलं.

खडकेवाडीची आरोग्यसखी नंदा थोरात, शेजारच्या वस्तीवरची. पस्तिशीची, सडपातळ. जीपमध्ये ती डॉक्टरांनी पाठवलेल्या हिशेबनिसाशेजारी गप्प बसून होती. समाजमंदिरात तिनं पत्र्याच्या पेटीतून कार्डांचे गठ्ठे काढून सतरंजीवर लावले. हिशेबनीस फोनला रेंज मिळेना म्हणून बाहेर गेला, तशी ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुमी मालनआक्कांची सुली न्हवं?”

“तुम्ही कसं ओळखलंत?”

“तिसऱ्याला आलते मी. लांब उभी हुते.” मग म्हणाली, “तुमास्नी आक्कांचं कार्ड पायजेल असंल.”

ते तिनं शोधलं नाही. वेगळ्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर होतं. फिकट निळं कार्ड. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. प्रत्येक महिन्यापुढे रक्तदाबाचा आकडा आणि आकड्यापुढे आईची सही, दरवेळी रेघ सोडून वर चढलेली. मे आणि जून कोरे. जुलैच्या चौकोनात लाल रबरी शिक्का : स्थलांतरित. खाली बॉलपेननं, ‘मुलाकडे, कोइमतूर’.

माझा थोरला भाऊ कोइमतूरला असतो, गलाईच्या धंद्यात. आमच्या तालुक्यातली माणसं देशभर पांगलेली आहेत. सोनं आटवायचं, शुद्ध करायचं, पेढीवाल्याला द्यायचं, हा आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. प्रत्येक आळीला चार घरांना कुलूप असतंच. पण आईनं कोइमतूर कधी पाहिलं नाही. दादानं कितीदा तिकीट काढलं. ती म्हणायची, तिथं भाकरी मिळत नाही आणि माणसं काय बोलतात ते कळत नाही, मी तिथं येऊन फक्त म्हातारी होईन.

“माझी आई कोइमतूरला कधी गेली?” मी विचारलं.

नंदा सतरंजीचा दोरा उकलत राहिली.

“मे-जूनला घर बंद हुतं,” ती म्हणाली. “तुमच्याकडं आलत्या डोळ्याच्या आपरेशनाला. मला ठावं हुतं की. मी तसंच लिवलंवतं, पुण्याला लेकीकडं, परत येणार. पर सायेब म्हणलं, दोन टायमाला घर बंद दिसलं का शिक्का मारायचा. वरनं कागूद आलाय. पुण्याला लिवलं तर परत येणार म्हणून धरत्यात, कोइमतूर लिवलं का काम भागतं.”

“कसलं काम?”

“शिक्का मारला का ते माणूस मोजायचंच न्हाय. मग टक्का खाली येत न्हाय.”

“आणि ती परत आली तेव्हा?”

“यादीत नाव न्हाय, तर गोळ्या कुठनं येणार ताई? गोळ्या यादीपरमानं मोजून येत्यात. मी जुलैला गेले, म्हणलं, आक्का, तुमचं नाव कमी झालंय.”

“मग?”

बाहेर हिशेबनीस कुणाला तरी मोठमोठ्यानं सांगत होता की तपासणी एकदम झकास चालू आहे.

“आक्कांनी माझ्या हातावर साखर ठेवली,” नंदा म्हणाली.

“साखर? कशाबद्दल?” मी विचारलं.

“त्यास्नी वाटलं, बीपीच्या यादीतनं नाव काढलं म्हंजे बीपी गेलं. चार वर्सं गोळ्या खाल्ल्या, आता बरं झालं, म्हणून सरकारनं नाव काढलं. लय खूश हुत्या. साखर दिली, वर म्हणल्या, नंदे, तुझ्या हाताला गुण हाय.”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“न्हाय.” तिनं मान वर केली नाही. “यादीचं लोकांस्नी काय बोलायचं न्हाय, अशी ताकीद हाय. आन्‌ एवढ्या खूश हुत्या ताई, साखर हातात हुती माझ्या. तवा तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं.”

त्या जुलैमधला एक रविवार मला आठवला होता. मी घरी लॅपटॉप उघडून संस्थांच्या गुणांचे तक्ते करत बसले होते आणि आईचा फोन आला. “सुले, माझं बीपी गेलं बघ. नाव काढलं माझं.” रक्तदाब जात नसतो. हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. त्याच विषयात मी पंधरा वर्षं काम करत होते. मी म्हणाले, “वा, छान.” आणि विचारलं, डोळ्यात औषध घालतेस ना वेळेवर. घालते म्हणाली. मी फोन ठेवला आणि पुढचा रकाना भरला.

“असे शिक्के किती आहेत?” मी नंदाला विचारलं.

“ह्या गावात? एकतीस.”

“एकशेअठरा कार्डांत एकतीस?”

“सायेब म्हणत्यात, आपल्याकडं माणसं लय भाईर असत्यात. ते खोटं न्हाय म्हणा.”

हिशेबनिसाला मी सांगितलं की मला पायी फिरून घरं बघायची आहेत, तुम्ही जेवून घ्या. त्याला आनंदच झाला. मी एकतीस नावं कागदावर उतरवून घेतली, रक्तदाबाचं यंत्र पिशवीत टाकलं आणि आम्ही दोघी निघालो.

पहिलं घर गणपा तात्यांचं. लहानपणी त्यांच्या बैलगाडीला लोंबकळून मी शाळेत जायचे. तात्या ओट्यावर उन्हात बसले होते.

“कोण, आनंदाची पोरगी? ये. आई गेली तुझी. वाईट झालं.” मग नंदाकडे बघून म्हणाले, “हिला कशाला घिऊन आलीस? आमी सुटलो की आता. नाव काढलंय आमचं.”

“कधी काढलं तात्या?”

“झालं की सात-आठ म्हयनं. म्हातारीनं मारुतीला नारळ फोडला. मी म्हणलं, मारुतीचं काय हाय त्यात, गोळ्या मी खाल्ल्या. तर म्हणती, तुमाला गोळी चारायची बुद्धी मला कुणी दिली?”

आतून त्यांची बायको म्हणाली, “खोटं बोलतंय. निम्म्या गोळ्या कोंबडीला टाकायचं.”

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशेनव्वद, एकशेदहा. पुन्हा घेतलं. तेवढंच.

“किती हाय?”

“जास्त आहे, तात्या. खूप जास्त आहे.”

“मिशीन बिघडलं असंल तुझं.” ते अगदी समजुतीनं म्हणाले. “माझं तर काढलंय.”

दुपारभर आम्ही फिरलो. जिजाबाई लोहारीण म्हणाली, तिच्या जावेला अजून गोळी आहे, हिची सुटली, त्यावरनं घरात धुसफूस आहे. पोपटराव मास्तरांनी आपलं बंद झालेलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं, दाखला जपून ठेवतात तसं. शिकलेला माणूस. मी त्यांना म्हणाले, मास्तर, हे बरं झाल्याचं कार्ड नाही. ते म्हणाले, “मग कशाचं आहे?” मी म्हणाले, “तुम्ही गाव सोडून गेलात असं लिहिलंय त्यावर.” त्यांनी चष्मा लावून कार्ड पुन्हा वाचलं. “मी? मी कुठं गेलो?” आणि मग हळूच, पोराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “मग ह्या सात महिन्यांत मी गोळ्या खाल्ल्या नाहीत, ते चुकलं का?”

एकतीस जणांतले बारा खरंच गेले होते, गलाईला, मुलाबाळांसकट. पाच वारले होते. आई त्यांतली एक. बाकीचे चौदा गावातच होते, आपापल्या ओट्यावर, बरे झालेले.

संध्याकाळी विट्याला परत आल्यावर मी डॉ. मुळीकांसमोर तो कागद ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला. चिडले नाहीत. मला वाटतं त्यांना खरंच कळत नव्हतं की मी कशाबद्दल बोलते आहे.

“चौदा माणसं तुमच्या अर्जात नाहीत, गोळ्यांत नाहीत, आणि गावात आहेत,” मी म्हणाले.

“मॅडम, मागल्या फेब्रुवारीत तुमची निकषपत्रिका आली. तेवीस कलमं. आम्ही काय केलं? एकेक कलम बघून आमची पद्धत त्यात बसवली.” त्यांनी खणातून पत्रिका काढली आणि पान उघडलं. “कलम सात. सलग दोन भेटींत घर बंद आढळल्यास संबंधित व्यक्ती स्थलांतरित समजावी व टक्केवारीतून वगळावी. हे आम्ही लिहिलं का? तुम्ही लिहिलंत. आम्ही पाळलं. उलट एखाद्या संस्थेनं पाळलं नसतं तर तुम्हीच गुण कापले असते.”

कलम सात मला पाठ होतं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

“त्या चौदा जणांना उद्या गोळ्या द्या,” मी म्हणाले.

“यादी बंद झालीय हो. तुमचीच मुदत. आता एक नाव जरी वाढवलं तरी पुण्याहून विचारतील, का वाढवलं. निवड होऊ दे, मग बघू.” ते दारापर्यंत सोडायला आले. “जेवून जायचं होतं मॅडम.”

निवड समितीची बैठक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. लांब टेबल, सात माणसं, मारी बिस्किटं. अध्यक्षस्थानी अभ्यासाचे प्रमुख डॉ. टिपणीस, मृदू बोलणारे, वाचणारे, आई गेली तेव्हा घरी येऊन अर्धा तास न बोलता बसून गेलेले. त्यांच्या उजवीकडे संख्याशास्त्राचे प्रा. केळुसकर.

मी सगळं सांगितलं. नंदाचं नाव घेतलं नाही. एकतीस, बारा, पाच, चौदा.

“ह्या एकतीस घरांचा नमुना कसा निवडला?” केळुसकरांनी विचारलं.

“निवडला नाही. सगळ्यांकडे गेले.”

“पण हे गाव चिठ्ठीत नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग त्यावरून संस्थेबद्दल काहीच म्हणता येत नाही. एक गाव म्हणजे किस्सा झाला.”

“चौदा माणसांचे आकडे आहेत माझ्याकडे, एकशेनव्वदपर्यंत गेलेले. ती आज गोळीशिवाय आहेत. आत्ता, आपण बोलतोय तेव्हा.”

डॉ. टिपणीसांनी चष्मा काढला. “सुलक्षणाताई, खडकेवाडी म्हणजे तुमच्या आईंचं गाव ना?”

टेबलाभोवती सगळे माझ्याकडे बघू लागले.

“हो. त्या पाचांत ती आहे.”

“हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. तिथं तपासणीला तुम्ही जायलाच नको होतं.” ते थांबले. त्यांना ते बोलणं जड जात होतं, हे मी त्यांच्या बाजूनं आजही म्हणेन. “आणि कलम सात तर तुमचंच आहे. मला आठवतंय, तुम्ही त्यासाठी किती भांडला होतात.”

मलाही आठवत होतं. वर्षापूर्वी याच टेबलाशी. मी म्हणाले होते, तुम्ही पुण्यात बसून टक्केवारी मागता. माझ्या तालुक्यात अर्धी घरं बंद असतात, आठ मैल तंगडतोड करून गेलेल्या बाईला कुलूप दिसतं, त्याचा दंड तिच्या संस्थेला का? गलाईवाल्यांबद्दल, कुलपांबद्दल, मी चांगलं बोलले होते. कुणीतरी म्हणालं होतं, याला म्हणतात मातीतलं ज्ञान. केळुसकरांनी विचारलं, बंद म्हणजे किती वेळा बंद? मी म्हणाले, सलग दोन. दोन हा आकडा मी कुणाला विचारून काढला नव्हता. बोलता बोलता सुचला. आणि दोन भेटींनंतर ते माणूस घरी परत आलं तर काय करायचं, हे मी लिहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त गेलेली माणसं होती. चार आठवडे लेकीकडे जाऊन, डोळा नीट करून, एस्टीनं परत येणारी बाई माझ्या मनातच आली नव्हती.

“कलम माझं आहे,” मी म्हणाले. “म्हणूनच सांगते, ते काढा. तेवीसही संस्थांकडून स्थलांतरितांच्या याद्या मागवा आणि घरोघर तपासा. मग निवडा.”

“सहा महिने जातील. निधी मार्चअखेर परत जाईल.”

“जाऊ दे.”

कुणीतरी खोकलं.

“बरं. निवडीचं तुम्ही ठरवा,” मी म्हणाले. “पण त्या चौदा जणांना गोळ्या मिळाल्या पाहिजेत. आज इथून एक पत्र जाऊ दे.”

केळुसकर म्हणाले, “ते करता येणार नाही. आपण पत्र पाठवलं की संस्थेचं वागणं बदलणार. आपल्याला ती जशी आहे तशी बघायची आहे. आपणच आत हात घातला तर ती अभ्यासाला निकामी होते.”

“म्हणजे ती माणसं तशीच ठेवायची, तीन वर्षं, बघत?”

“तसं म्हणू नका. अहवालात येईल ना हे सगळं. मर्यादांच्या प्रकरणात नोंदवू.”

प्रत्येक अहवालाच्या शेवटी ते प्रकरण असतं : प्रस्तुत अभ्यासाच्या मर्यादा. मी स्वतः कितीतरी लिहिली होती. माझ्या आईला ठेवायला त्यांना जागा सापडली होती.

मी रडले नाही, आवाज चढवला नाही. चढवला असता तर, बिचारी, आई गेलीय, असं म्हणून त्यांची सुटका झाली असती. ती मी होऊ दिली नाही. मी केळुसकरांना विचारलं, “सर, तुमच्या आई गोळ्या घेतात?”

“हा काय प्रश्न झाला?”

“घेतात का?”

“घेते,” ते म्हणाले. आणि समोरच्या कागदांची टोकं जुळवू लागले.

टिपणीस हळूच म्हणाले, “सुलक्षणाताई, मतदान होईपर्यंत तुम्ही बाहेर बसलात तर बरं. हितसंबंधाचा नियम आहे. आणि ती नावांची यादी इथं ठेवा. गोपनीयतेच्या हमीपत्रावर तुमची सही आहे.”

मी पर्समधून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि बिस्किटांच्या बशीखाली सरकवला, उडू नये म्हणून.

“यादी तुमच्याकडे राहू दे,” मी म्हणाले. “नावं मला पाठ आहेत.”

बाहेर व्हरांड्यात बाक होता. दार मी ओढून घेतलं नाही. खडकेवाडीपासून पाच किलोमीटरवर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथल्या डॉ. शबाना मुजावरांचा नंबर मी सकाळीच घेऊन ठेवला होता. मी उभ्यानं फोन लावला. म्हटलं, डॉक्टर, कागद-पेन घ्या. चौदा माणसं आहेत, तुमच्या हद्दीतली. सगळ्यांचा रक्तदाब वाढलेला आहे आणि सगळ्यांना वाटतं आपण बरे झालोत, तेव्हा बोलावून येणार नाहीत, घरी जावं लागेल. मग मी नावं सांगितली. गणपती ज्ञानू शिंदे. जिजाबाई तुकाराम लोहार. पोपट विष्णू सुतार. प्रत्येक नावापुढे आकडा, घराची खूण आणि कुणाला काय म्हटलं तर पटेल ते. मोठ्यानं सांगितली. गावात लांबच्या माणसाला हाक मारताना लागतो तो आवाज मला बऱ्याच वर्षांनी सापडला होता. शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभा राहिला तो आत जाईना.

आयुर्वृद्धीची निवड झाली, पाच विरुद्ध एक मतानं. ते एक मत कुणाचं, मला कधी कळलं नाही. हमीपत्र मोडलं म्हणून माझं काम त्याच आठवड्यात दुसऱ्याकडे गेलं आणि महिनाअखेर मी संस्था सोडली. तीन वर्षांनी अहवाल आला. मर्यादांच्या प्रकरणात कलम सातवर दीड ओळ आहे. आमच्या तालुक्याची पद्धत आता इतर जिल्ह्यांत शिकवतात, असं ऐकते. नंदाला त्यांनी त्याच मार्चमध्ये कामावरून काढलं, कारण दिलं नाही.

पण त्याआधी, बैठकीनंतर आठ दिवसांनी, तिचा फोन आला होता. सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईबरोबर ती आपण होऊन घरोघर गेली होती.

“बारा जणांस्नी गोळ्या चालू झाल्या ताई. गणपा तात्या घेईनात. मग मास्तरांनी त्यांच्या म्होरं बसून आपली खाल्ली, तवा घेतली.”

“आणि दोन?”

“दोन घरं बंद हायत.”

मी विचारायच्या आतच ती म्हणाली, “न्हाय, खरंच गेल्यात. मी शेजाऱ्यांकडनं नंबर घेतलं, फोन लावलं. दोघं बी बोलले माझ्याशी. ह्या म्हयन्याच्या पैल्या आठवड्यातच गेल्यात, पोरांकडं. एक त्रिचूरला, एक मदुराईला.”

“गोळ्यांचं विचारलंत?”

“इचारलं की. त्रिचूरवाल्या काकूंस्नी सगळं समजावलं, त्यांच्या पोरानं तितंच आणल्या. मदुराईचा म्हातारा ऐकंना. म्हणतो, माझं नाव कमी झालंय.”

“त्यांचा नंबर द्या,” मी म्हणाले.